दिपेश गेला!

"सगळं माझ्यावर सोडा!" असं मी म्हणालो, तेव्हाच कोणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. कोणी ठेवला नाही. आता ऐका!

मी तानाजी. डोंबिवलीत राहतो, वागळे इस्टेटमध्ये एका पॅकेजिंगच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. कोणता माल कुठे, कधी, कोणाच्या सहीनं गेला हे माझ्याइतकं चोख अख्ख्या इस्टेटीत कोणी सांगणार नाही. आणि कॉलेजच्या दिवसांत मी एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. बँडचं नाव 'खारफुटी'. बँड म्हटलं की लोक लगेच विचारतात, "लग्नाच्या सुपाऱ्या घेता का?" नाही हो! आमचा अल्टरनेटिव्ह रॉक! म्हणजे काय ते आम्हालाही नीट माहीत नव्हतं. गिटार जोरात, शब्द मराठी, आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की पळायचं हे लोकांना कळत नसे, एवढं खरं.

आम्ही एकच अल्बम काढला. नाव 'गाळ'. तो खपला नाही. उरलेल्या सीड्या माझ्या पलंगाखाली गेल्या. माझी बायको मेघाली झाडू मारताना दरवेळी म्हणते, "नाव अगदी बरोबर ठेवलंयत. साचलाय नुसता!"

पण जगात वेडे लोक असतात म्हणून आपल्यासारख्यांचं चालतं. गेल्या वर्षी कोणीतरी 'गाळ'मधलं एक गाणं नेटवर टाकलं आणि ते पोराटोरांना आवडलं! मग मला अंतराचा फोन आला. घोडबंदर रोडला राहणारी, चुणचुणीत मुलगी. छोटीशी रेकॉर्ड कंपनी चालवते. तिला 'गाळ' पुन्हा काढायचा होता, तोसुद्धा मोठ्या काळ्या तबकडीवर! वर ठाण्यात एक छोटा हॉल घेऊन कार्यक्रम!

"सगळं माझ्यावर सोडा!" ते वाक्य मी इथे म्हणालो.

अंतराला कव्हरवर छापायला बँडची माहिती हवी होती. कोण होतं, आता कोण आहे. आता ही अंतरा मराठीच, पण शाळा इंग्रजी, घर इंग्रजी, आणि मराठी फक्त आजीपुरतं. मला हे माहीत होतं. तरी मी लिहून पाठवायच्या ऐवजी, कंपनीच्या गेटवर ट्रक लावता लावता, तिला व्हॉइस मेसेज पाठवला. शब्दन् शब्द सांगतो:

"चिराग गातो, गिटार वाजवतो. तो हल्ली कल्याणला क्लासमध्ये गणित शिकवतो, त्यामुळे ओरडायचा रियाज सुटलेला नाही. बेसवर मी. ड्रमवर आता दक्षता आहे, दिव्याला राहणारी मुलगी, एक नंबर वाजवते. आधी दिपेश होता. दिपेश गेला. 'गाळ' आला आणि दिपेश गेला. आम्हाला फार जड गेलं. त्याची जागा कोणी भरून काढू शकलं नाही. त्याची आई असते कोळीवाड्यात, पण तिला आपण काही कळवायला नको. कशाला उगाच जुन्या गोष्टी!"

आता तुम्हीच सांगा, यात चुकलं काय? दिपेश बँड सोडून गेला होता! आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो गेला, त्यानंतर आम्ही बोललो नाही. सरळ गोष्ट!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, खोके घरी आले. मी कात्रीनं पट्टी कापली, पहिली तबकडी बाहेर काढली. कव्हर सुंदर! मागची बाजू उलटली आणि तबकडी हातातून सुटता सुटता वाचली.

मागे दिपेशचा जुना फोटो. ब्लॅक अँड व्हाइट. फोटोखाली एक तेवती समई! आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत:

'आमचा लाडका ड्रमर कै. दिपेश याच्या पवित्र स्मृतीस'

मेघालीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि ती मटकन खाली बसली. "अरे देवा! कधी रे? मला सांगितलंसुद्धा नाहीस! त्याच्या आईचं, आवडामावशींचं, काय झालं असेल!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं, तो जिवंत आहे!"

ती उठून उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी जागीच वाळलं. "मग असं का छापलंस?"

"मी नाही छापलं! मी फक्त सांगितलं!"

अंतराला फोन लावला. माझा आवाज शाळेत पट्टी खाताना यायचा तसा येत होता. "अंतरा, दिपेश जिवंत आहे."

पलीकडे काहीतरी धपकन पडलं. मग अगदी बारीक आवाज. "सर... तुम्हीच म्हणालात ना, गेला?"

"गेला म्हणजे गेला गं! बँडमधून गेला!"

"पण जड गेलं म्हणालात. आईला कळवू नका म्हणालात. मी रडले होते सर तो मेसेज ऐकून!" आणि मग आणखी बारीक आवाजात, "मी काल पोस्टपण टाकलीय. खूप शेअर झालीय."

पोस्ट उघडली. तोच फोटो, तीच समई! खाली श्रद्धांजलीचा पूर! जे दिपेशला कधी भेटले नाहीत तेही आठवणी सांगत होते. एकानं लिहिलं होतं, 'दिपेशदादाने मला ड्रम शिकवला.' खोटं! दिपेशनं कोणाला ड्रमजवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं!

आता दिपेश कोण, हे सांगायला हवं, म्हणजे मी एवढा का घाबरलो होतो ते कळेल. दिपेश म्हणजे सहा फुटी कोळी. लहानपणी बापाबरोबर खाडीत जाळी ओढलेली, त्यामुळे दंड असे की ड्रमच्या काड्या त्याच्या हातात उदबत्तीसारख्या दिसायच्या. तापट तर इतका, की एकदा साउंडवाल्यानं माईक लावायला उशीर केला म्हणून दिपेशनं त्याला उचलून स्पीकरवर ठेवलं होतं. तो बिचारा कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून होता. कारण दिपेशनं त्याला उतर म्हटलं नव्हतं!

आणि अशा माणसाला मी मारलं होतं. छापून!

अंतरा म्हणाली, "मी पोस्ट लगेच काढते." तिनं काढलीही. पण तेवढ्यात माझा फोन वाजला. मेसेज. दिपेशचा! इतक्या वर्षांनी पहिला!

'तान्या. घरीच थांब. येतोय.'

बास. शिवी नाही, हसरा चेहरा नाही, काही नाही. दिपेशनं शिवी दिली की समजायचं, राग अर्धा उतरला. हा शिवीशिवायचा दिपेश मी कधी बघितलाच नव्हता.

"मेघाली," मी म्हणालो, "आंबिवलीला तुझे मामा असतात ना? त्यांची तब्येत कशीय? बघून येतो."

"मामा ठणठणीत आहेत. तू कुठे जाणार नाहीस."

इतक्यात बेल वाजली. मी सोफ्यामागे गेलो. (हो, गेलो! तुम्हीही गेला असतात!) पण दारात दक्षता होती, प्रॅक्टिसला आलेली. तिनं कव्हर वाचलं, सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, त्यांच्या आईला कळलं असेल का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळा उजेड! आवडामावशी! दिपेशची आई. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात त्यांच्या पडवीत आम्ही प्रॅक्टिस करायचो. आमच्या त्या भयानक आवाजात ही बाई शांतपणे बोंबील तळायची आणि मध्येच ताट आणून ठेवायची. वय आता सत्तरीच्या वर. आणि कोणी शेजारणीनं फोनवर तो समईवाला फोटो दाखवला तर? दिपेश मला मारेल, ते ठीक. पण मावशीला काही झालं तर मी पुढे जगायचं कसं?

"चल," मी म्हणालो. "आधी तिथे जाऊ. मावशींच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी आपण सांगू."

खरं सांगायचं तर दुसराही एक विचार होता. दिपेश इकडे निघाला होता. म्हणजे त्या घडीला जगात सगळ्यात सुरक्षित जागा एकच होती, दिपेशचं घर!

दक्षतानं स्कूटर काढली. माणकोलीच्या पुलावरून आम्ही सुटलो. दिपेश कायम बुलेटवरच फिरायचा, म्हणून समोरून येणारी प्रत्येक बुलेट दिसली की मी दक्षताच्या पाठीमागे डोकं लपवत होतो.

"दादा, हलू नका ना, गाडी जाते!"

"तो दिसला तर?"

"तुम्ही हेल्मेट घातलंय!"

"तो मला पोटावरून ओळखेल!"

कोळीवाड्यात शिरलो आणि समोर बघतो तर काय! दिपेशच्या घरासमोर खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, गप्प, माना खाली. बाजूला टेम्पो उभा, त्याला झेंडूच्या माळा. आणि पडवीत आवडामावशी, काळा चष्मा, गालांवरून पाण्याच्या धारा!

उशीर झाला होता! त्यांना कळलं होतं! सगळ्यांनी खरं धरलं होतं!

मी स्कूटर थांबायच्या आत उतरलो, धडपडलो, तसाच धावत जाऊन मावशींच्या पायांवर पडलो. हुंदका आवरेना. "मावशी! रडू नका! दिपेश जिवंत आहे! देवाशप्पथ जिवंत आहे!"

मावशींनी चष्मा वर केला. "कं? माझे दिपेशला कं झाला?"

"काही नाही झालं! तो मेलेला नाही!"

"मेलेला?" मावशींचा हात छातीवर गेला. "कोन मेला? अरे कं बोलतंस तू? माझा पोर कुठं हाय?"

पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं एकदम उठली. तेव्हा मला दिसलं. त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झालर होती. एकाच्या मांडीवर ट्रम्पेट होता. दुसऱ्याच्या पायाशी साईड ड्रम. बँडवाले! दिपेशनं आम्हाला सोडून स्वतःचा ब्रास बँड काढला होता, आणि ही पोरं दुपारच्या हळदीला निघण्याआधी मोबाईल बघत बसली होती. टेम्पो हळदीसाठी सजवलेला.

"मग मावशी, तुमच्या डोळ्यांतलं पाणी?"

"मोतीबिंदूचा ऑपरेशन झालाय. औषध घातलंय सुनेनं. पन दिपेशला कं झाला ते सांग!"

त्यांना काहीही माहीत नव्हतं! काहीही! डोंबिवलीहून पूल ओलांडून येऊन ही बातमी मीच घेऊन आलो होतो!

मी तोंड उघडलं, पण आता कोण ऐकतंय! ट्रम्पेटवाला ओरडला, "शेठला अपघात झाला!" पलीकडून एक बाई धावत आली, "कुठल्या दवाखान्यात?" गल्लीच्या तोंडापर्यंत बातमी पोचेस्तोवर दिपेशचे दोन्ही पाय मोडले होते. मावशी माझं मनगट धरून बसल्या होत्या. हात थंडगार. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त हळूच पुटपुटत होत्या, "फोन लाव. माझे पोराला फोन लाव."

तो एक क्षण मी कधी विसरणार नाही. मार खायची भीती वेगळी. ही भीती वेगळी होती. माझ्या हातून त्या म्हातारीचं काळीज बंद पडतंय की काय, असं वाटलं.

दिपेशला फोन लावला. उचलेना! पुन्हा लावला. उचलेना! इतक्यात मेघालीचाच फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"आलाय," मेघाली कुजबुजली. "सोफ्यावर बसलाय. पोहे देतेय."

"ऐकलंत मावशी? पोहे खातोय! जिवंत माणूसच पोहे खातो!"

मावशींनी श्वास सोडला. सगळ्या गल्लीनं सोडला. मला रडू आलं, यावेळी सुखाचं.

"आणि ऐक," मेघाली म्हणाली, "तो खोक्याकडे बघतोय."

"खोका आत ने!"

"कसा नेऊ? त्यानं उघडला."

"मग?"

"तबकडी काढली. मागची बाजू बघतोय."

"चेहरा कसा आहे?"

"लाल." पोह्यांची ताटली आपटल्याचा आवाज आला. "आता पांढरा. तो फोन मागतोय."

मग दिपेशचा आवाज आला. तोच जुना, पिंपात दगड टाकल्यासारखा. "तान्या. कुठे आहेस?"

मी फोन मावशींपुढे धरला. मावशीच बोलल्या, "माझे इकरं हाय त्यो. तू कवा येतंस? हलदीला उशीर व्हतोय!"

"आये, त्याला तिथेच बसव. हलू देऊ नको."

झालं! मावशींनी मला बसवलं. दोन बाजूंना दोन ढोलवाले बसवले. मग त्या आत गेल्या आणि तळलेल्या बोंबलांचं ताट घेऊन आल्या. "खा. घाबरलास पोरा." आयुष्यात पहिल्यांदा मला तो बोंबील गिळवेना. फाशीच्या आधी देतात तसलं जेवण वाटलं मला ते! दक्षता मात्र चारपाच तुकडे खाऊन ढोलवाल्यांशी ठेक्यांबद्दल गप्पा मारत होती. हल्लीच्या मुलांना भीती कशाची वाटते, देव जाणे.

बुलेट आली. दिपेश उतरला. केस थोडे पांढरे, पोट थोडं पुढे, दंड तसेच. काखेत 'गाळ'. त्यानं माझी कॉलर धरली नाही. फक्त मान हलवली, मागे ये म्हणून. घराच्या मागे खाडी. ओहोटी लागलेली, नुसता चिखल. मला वाटलं, आता इथेच! अल्बमच्या नावाला शोभेल असा शेवट!

"मी कशानं मेलो?" दिपेशनं विचारलं.

"अं?"

"कव्हरवर कारण नाही लिहिलं. काल रात्रभर मी त्या पोस्टखालचं वाचत होतो. कोणी लिहिलंय हार्ट अटॅक. कोणी लिहिलंय दारूनं गेला. दारूनं! तान्या, मी आयुष्यात बिअर तरी प्यायलोय का?"

"नाही रे! कधीच नाही!"

"मग तू तिथे खाली तसं लिहायला नको होतंस का?"

मी सगळं सांगितलं. व्हॉइस मेसेज, अंतरा, ट्रक. तो खाडीकडे बघत होता.  मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेतला.

"'त्याची जागा कोणी भरून काढू शकलं नाही,'" तो हळूच म्हणाला. "पोस्टमध्ये हे होतं, ते तूच म्हणालास? का त्या पोरीनं मनानं घातलं?"

"मीच म्हणालो."

"हे मी समोर असताना म्हणाला असतास तर गेलो नसतो मी."

मी मान खाली घातली.  त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो, पण ती थाप प्रेमाची होती. दिपेशची प्रेमाची थाप आणि मार यांत फरक फक्त हेतूचा असतो.

"उद्या मी वाजवणार," तो म्हणाला. "तुमची ती ड्रमवाली पोरगी आणि मी, दोघं. दोन ड्रम."

आम्ही पुढे आलो तर आणखी एक संकट! तबकडी आता मावशींच्या हातात होती. दिपेशनं मागे जाताना ती बुलेटवर ठेवली होती आणि कोणीतरी त्यांना आणून दिली होती. काळा चष्मा कपाळावर, फोटो नाकाजवळ.

"दिपेश, ह्यो तूच ना रं? केवढा बारीक व्हतास! समई पन लावलीय!" त्या हरखल्या होत्या. "पन खाली कं लिवलाय? माझे डोल्यांना नाय दिसत. तानाजी, वाच बरं."

 ट्रम्पेटवाला उगाच ट्रम्पेट पुसायला लागला, कारण त्यानं वाचलं होतं. दिपेश माझ्याकडे बघत होता. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: यावेळी नीट बोल.

"मावशी," मी घसा साफ केला, "इथे लिहिलंय... 'दिपेशची आई आवडाबाई, यांना प्रेमपूर्वक अर्पण. यांच्या पडवीत आणि यांच्या बोंबलांवर हा बँड मोठा झाला.'"

मावशींनी तबकडी छातीशी धरली. पदर तोंडाला लावला. यावेळी डोळ्यांत औषध नव्हतं.

अंतराला मी तिथूनच फोन केला. तिनं रातोरात स्टिकर छापले आणि प्रत्येक कव्हरवर त्या मजकुरावर हेच वाक्य डकवलं. खरं सांगतो, अख्ख्या 'गाळ'मध्ये तेच एक वाक्य मला मनापासून पटतं.

कार्यक्रमाचं म्हणाल तर अंतरानं खुलासा टाकला होता, पण खुलासे वाचतंय कोण! अर्धा हॉल मेणबत्त्या घेऊन आला होता. पडदा उघडला, ड्रमवर दिपेश दिसला, आणि पहिल्या रांगेतला एक मुलगा किंचाळून खुर्चीसकट मागे पडला. (त्यानंच लिहिलं होतं, 'दिपेशदादाने मला ड्रम शिकवला.') दिपेश आणि दक्षता असे काही वाजवत होते की माझा बेस कोणाला ऐकूच गेला नाही. चांगलंच झालं. भीतीनं माझी बोटं अजून वाकडी होती!

पण खरी पंचाईत पुढेच आहे. मावशींनी ते कव्हर फ्रेम करून घेतलंय. मागची बाजू बाहेर. भिंतीवर, अगदी देवघराच्या शेजारी. आणि आपल्या नावाचा एवढा मान, त्यात समईही आहे, मग फोटो उघडा कसा ठेवायचा? त्यांनी त्याला झेंडूचा हार घातलाय! रोज ताजा! काढ म्हणायची हिंमत ना दिपेशला, ना मला.

परवा मी तिकडे गेलो होतो. दारात चप्पल काढली, आत शिरलो, समोर हार घातलेला फोटो दिसला, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. डोळेही मिटले. मनात म्हटलंसुद्धा, चांगला होता बिचारा!

डोळे उघडले तर शेजारी दिपेश उभा. हातात चहाचे दोन कप.

"झालं?" त्यानं विचारलं. "की दोन मिनिटं शांत उभा राहू?"